फौजी पेन्शनीत आला आणि ग्रामपंचायतीला उभा राहिला

परवा गावातला एक पोरगा घरी आला, गेल्याच वर्षी पेन्शनीत आलाय. म्हणाला मेजर, मला पण ग्रामपंचायतीला उभं राहायचंय, काय काय लागतं सांगा. त्याला सांगता सांगता तीनदा चहा झाला तरी संपेना, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजीला तोटा नाही, प्रत्येक गावात आमच्यासारखे दहा-वीस तरी असतातच, त्यातल्या कुणाला उपयोग झाला तर झाला.

आधी एक सांगतो, मी मेजर नाही. मराठा लाईट इन्फंट्रीत 1994 ला बेळगावला भरती झालो आणि 24 वर्षांनी 2018 ला हवालदार म्हणून घरी आलो. पण आमच्याकडं पेन्शनीत आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, शिपाई असला तरी. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, नंतर सोडून दिलं.

11 डिसेंबर 2020 ला निवडणुका जाहीर झाल्या. राज्यातल्या 14 हजारांवर ग्रामपंचायती एकदमच, कारण कोरोनामुळं आधीच्या लांबल्या होत्या. आमची 9 सदस्यांची ग्रामपंचायत, 3 वॉर्ड, प्रत्येकात 3 जागा. पक्षाचं चिन्ह यात नसतं, सगळं पॅनेलवर चालतं. तिसऱ्याच दिवशी रात्री एका पॅनेलची माणसं घरी आली. तात्या म्हणाले, "मेजर, देशसेवा केली, आता गावची करा." मला छाती फुगल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. ते गेल्यावर आमची मंडळी भांडी आवरत म्हणाली, देशसेवा बघून नाही आले, आपल्या भावकीची सत्तर मतं बघून आलेत. आणि तेच खरं होतं. पण मी हो म्हणून बसलो होतो.

पहिली गोष्ट, आणि ही फौजी लोकांनी नीट वाचा. मतदार यादीत आपलं नाव कुठं आहे ते आधी बघा. नोकरीत असताना आपलं नाव सर्व्हिस वोटर म्हणून वेगळ्या यादीत असतं. घरी आल्यावर ते काढून नमुना 6 भरून गावच्या साध्या यादीत घालावं लागतं, आपोआप काही होत नाही. मी ते 2019 च्या लोकसभेच्या आधी केलं होतं आणि तेही योगायोगानं, मतदार यादीचं काम बघणारे बीएलओ गुरुजी शेजारी राहतात म्हणून. माझा एक जोडीदार, आम्ही एकाच गाडीनं भरतीला गेलेलो, त्यालाही दुसऱ्या वॉर्डात उभं करायचं ठरत होतं. यादी उघडून बघितली तर त्याचं नावच नाही. अर्ज भरायच्या आधीच गडी बाद. निवडणूक लागल्यावर नाव घालायला गेलात तर उपयोग नाही, वर्षभर आधीच बघून ठेवा.

दुसरं म्हणजे दाखले. ग्रामपंचायतीची थकबाकी नसल्याचा दाखला, घरात शौचालय आहे आणि वापरतो त्याचा दाखला, 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनापेक्षा जास्त अपत्यं नसल्याचं घोषणापत्र, मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती. 1995 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सातवी पास लागते, ते मला लागू नव्हतं. शौचालयाचा दाखला मागताना मला हसू आलं. सियाचीनला उणे तीसमध्ये काय वापरलं ते विचारू नका, आणि इथं भाऊसाहेब म्हणतात दाखला आणा. (भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही.)

थकबाकीसाठी घरपट्टी पाणीपट्टी मिळून 2,740 रुपये भरले, पावती घेतली. या पावतीचं पुढं येतंय, लक्षात ठेवा.

नवीन बँक खातं पण लागतं, निवडणुकीच्या खर्चासाठी वेगळं. मला वाटलं पेन्शनचं खातं चालेल, ते चालत नाही. बँकेत गेलो तर तालुक्यातले सगळे उमेदवार तिथंच उभे. दोन दिवस हेलपाटे, तिसऱ्या दिवशी 1,000 रुपये भरून खातं निघालं. टीप अशी की निवडणुका जाहीर व्हायची वाट बघू नका, उभं राहायचं मनात आलं की खातं काढून टाका, नाही उभे राहिलात तर कुठं काय बिघडतंय.

अर्ज भरायची मुदत 23 ते 30 डिसेंबर. ऐकायला आठ दिवस, पण मधले 25, 26, 27 सुट्टीचे, म्हणजे हातात पाचच. त्यात अर्ज ऑनलाईन भरायचा, त्याची प्रिंट काढून सही करून तहसीलला द्यायची. तालुक्याच्या गावात एक सेवा केंद्र आहे, तिथला पोरगा रात्रंदिवस बसून होता. मी 24 तारखेला संध्याकाळी सहाला नंबर लावला आणि रात्री एक वाजता माझा नंबर आला, तेव्हा सर्व्हर बंद. पोरगा म्हणाला काका पहाटे चारला चालतो, तेव्हा या. मी घरी न जाता तिथंच गाडीत बसून राहिलो. सेंट्री ड्यूटीची सवय उपयोगाला आली म्हणायची, फक्त थर्मासमधला चहा घरचा होता. चारला चालू झालं, अर्ध्यापर्यंत भरलं, मालमत्तेच्या पानावर परत अडकलं. थंडी अशी की पोराच्या बोटांना की-बोर्ड सापडेना. पंचवीसला सकाळी सातला सबमिट झालं. पोरानं 200 घेतले, मी 300 दिले.

आणि गंमत बघा, एवढ्या जागरणानंतर 28 तारखेला निवडणूक आयोगानं सांगितलं की सर्व्हरच्या अडचणी आहेत, कागदावरचे अर्ज पण घेऊ. राखीव जागांवरच्या आमच्या पॅनेलमधल्या दोघांनी 30 तारखेला आरामात पेननं अर्ज भरला. त्यांना जात पडताळणीला अर्ज केल्याची पोच जोडायला लागली, त्यासाठी साताऱ्यात रांग लावावी लागली तो भाग वेगळा. तेव्हा आराम कुणालाच नव्हता.

अनामत रक्कम सर्वसाधारण जागेला 500, राखीव जागेला 100. 31 ला छाननी. तहसीलच्या व्हरांड्यात चारशे माणसं, मास्क निम्म्यांच्या हनुवटीवर. माझ्या अर्जावर समोरच्या पॅनेलनं हरकत घेतली, काय तर मी सरकारी पगार घेतो. साहेबांनी विचारलं कसला पगार? ते म्हणाले पेन्शन. निवडणूक अधिकाऱ्यांनी वर बघितलं नाही, नुसतं म्हणाले पेन्शन पगार नव्हे, पुढचा. तीस सेकंदात मिटलं, पण आदल्या रात्री कुणीतरी मला ही हरकत येणार म्हणून सांगितलं होतं आणि मी झोपलो नव्हतो. डिस्चार्ज बुक आणि पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, झेरॉक्स खिशात घेऊन गेलो होतो. लागली नाही, तरी तुम्ही घेऊन जा, खिशात कागद असला की आवाज कापत नाही.

4 जानेवारीला माघार. त्या दिवशी गावात जे चालतं ते लिहिण्यासारखं नाही. पाहुणे काय येतात, मामा-भाचे काय आठवतात. संध्याकाळी चिन्हं वाटली, मला कपाट मिळालं. पोरं म्हणाली बरं झालं, लक्षात राहतंय.

मग प्रचार. नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीला तेव्हा खर्चाची मर्यादा 25,000 होती. माझे सगळे मिळून 13,650 झाले, पत्रकं, बॅनर, रिक्षावरचा भोंगा, कार्यकर्त्यांचा चहा-वडापाव. रोजचा हिशोब द्यावा लागतो, ट्रू वोटर ॲपवर पण भरायला सांगतात. मी फौजेत सहा महिने क्वार्टरमास्टर स्टोअरला, म्हणजे सामानाच्या कोठारावर, काढलेत त्यामुळं वही ठेवायचा त्रास झाला नाही, रोज रात्री पावत्या पिनने टाचून ठेवायचो. पॅनेलमधल्या बाकीच्यांची बिलं नंतर वडापाववाल्याकडं उलट्या तारखा घालून मागावी लागली.

एक अडचण फक्त फौजी उमेदवाराला येते ती सांगतो. मिलिटरीची कॅन्टीन, तिथं आम्हाला दर महिन्याला दारूचा कोटा असतो. तिसऱ्याच दिवशी पारावर एकजण हळूच म्हणाला, "मेजर, कोट्यातली काढा की." दुसरा म्हणाला रम नको, थंडी हाय तरी पण व्हिस्कीच बरी. हसण्यावारी नेलं पण ते हसत नव्हते. आचारसंहितेत असलं काही सापडलं तर काय होईल ते डोळ्यासमोर आलं, आणि कॅन्टीन कार्डचं काय होईल ते आणखी समोर आलं. मी डिसेंबर आणि जानेवारी दोन्ही महिन्यांचा कोटा उचललाच नाही. त्यामुळं किती मतं गेली देव जाणे. घरात मात्र खूश होते.

प्रचारात मी खरं काम केलं ते एकच. आमच्या वॉर्डात प्रत्येकाला तीन मतं द्यायची असतात, तीन जागा म्हणून. मशीनवर तीनदा बटण दाबायचं, तिसरं दाबलं की लांब आवाज येतो तेव्हा मत पूर्ण होतं. म्हाताऱ्या माणसांना हे कळत नाही, एक बटण दाबतात आणि बाहेर येतात, मग आतला कर्मचारी ओरडतो आजी अजून दोन राहिली. कॅन्टीनमधून आणलेल्या मिक्सरच्या खोक्याचं मी डमी मशीन बनवलं, तीन जागांना तीन रंगाचे कागद चिकटवले, बटणाच्या जागी शर्टाची बटणं शिवली आमच्या हिनं. घरोघरी ते घेऊन फिरलो. तोंडानं टींऽऽ करून दाखवायचो. एका आजीनं तीन बटणं दाबून झाल्यावर चौथ्यांदा माझ्या पोटाला बोट लावलं आणि म्हणाली आता तू वाज.

14 ला संक्रांत, 15 ला मतदान. 15 जानेवारी म्हणजे आर्मी डे. नोकरीत असताना त्या दिवशी परेड, मग बडा खाना. यंदा सकाळी साडेसातपासून शाळेच्या गेटपासून लांब मंडपात खुर्ची टाकून बसलो, नियमानं जेवढं लांब सांगितलं होतं तेवढं. दुपारी युनिटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचे सलाम येत होते आणि मी याद्यांवर टिकमार्क करत होतो. त्या दिवशी थोडं एकटं वाटलं. का ते नीट सांगता येत नाही, माणसं तर चारी बाजूंनी होती.

18 ला तालुक्याला मोजणी. आमच्या गावाचा नंबर दुपारी दीडला आला आणि दहा मिनिटात संपला. मी 11 मतांनी आलो. पॅनेलचे आम्ही चार, समोरचे पाच. म्हणजे निवडून आलो पण विरोधात. गुलाल माझ्याही अंगावर पडला, त्यांच्याही.

सरपंचाचं आरक्षण त्या वेळी निवडणुकीनंतर काढलं होतं आणि सरपंच सदस्यांतूनच निवडायचा होता, त्यामुळं पुढचे पंधरा दिवस कोण कुठं सहलीला गेलं वगैरे प्रकार झाले. मी गेलो नाही, मला कुणी नेलंही नाही, चौघांतल्या एकाला विकत घेऊन त्यांना काय मिळणार होतं. फेब्रुवारीत पहिली सभा झाली, पाच विरुद्ध चार. मात्र एक काम विसरू नका. निकालापासून 30 दिवसांत खर्चाचा हिशोब तहसीलला द्यायचा, पडलेल्यानं सुद्धा. नाही दिला तर पाच वर्षं अपात्र करतात. पडलेली माणसं रागानं देत नाहीत आणि पुढच्या वेळी रडतात. दिल्याची पोच घ्या आणि लॅमिनेशन करून ठेवा.

आता सदस्य झाल्यावर. मला वाटलं होतं की काम सांगितलं की होतं. चोवीस वर्षं तसंच बघितलेलं ना, वरून ऑर्डर आली की खाली हलतं. इथं एकट्या सदस्याला कसलाच अधिकार नाही. मासिक सभेत एक हात वर करायचा तेवढा. पैसे सरपंच आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीनं निघतात. वित्त आयोगाचा निधी आधीच आराखड्यात बसवलेला असतो, त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा असं बंधन. पहिल्या सभेत मी स्मशानाच्या रस्त्याचा विषय उभा राहून मांडला, सावधान उभा राहून, आणि सगळे हसायला लागले. बसा मेजर, बसूनच बोलतात इथं.

पहिल्याच सभेत प्रोसिडिंग बुकावर, म्हणजे ठराव लिहायच्या वहीवर, आधी सह्या घेतल्या, खाली पान कोरं. म्हटलं ठराव कुठंत? भाऊसाहेब म्हणाले नंतर लिहितो, गडबड आहे. मी सही केली नाही. पुढच्या महिन्यात परत तेच, परत नाही केली. तिसऱ्या महिन्यात ठराव लिहून मग बुक फिरलं. यात कुणी वाईट होतं असं नाही, पद्धतच पडलेली असते. भांडण न करता नुसतं पेन खिशात ठेवायचं. सभेची नोटीस तीन दिवस आधी विषयांसकट यायला पाहिजे, ती पण मागून घ्या.

नंतर दुसरी लाट आली, एप्रिल-मे कसे गेले कळलं नाही. शाळेत विलगीकरण केलं आणि गावातल्या फौजींची ड्यूटी रजिस्टरवर लावली, तेवढं एक आपल्या सवयीचं काम होतं. त्यातही आमचे दोघं गेले.

आता ती पावती. जूनमध्ये जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पोराच्या शिष्यवृत्तीसाठी गेलो होतो. तिथं बाकावर बसलेल्या एका सुभेदार साहेबांनी विचारलं, घरपट्टी माफ करून घेतली का? म्हटलं कसली? बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक व शहीद सन्मान योजना, 2020 मध्येच जीआर निघालाय, माजी सैनिकाला आणि सैनिकाच्या विधवेला एका घराची घरपट्टी माफ. म्हणजे मी थकबाकीचा दाखला काढायला घरपट्टी भरली तेव्हा ही योजना होती, आणि ग्रामपंचायतीत निवडून यायला निघालेल्या मला तिचा पत्ता नव्हता.

गावात यादी केली, माजी सैनिक आणि विधवा मिळून 37. सभेत विषय घेतला तर पाच विरुद्ध चार नाही, आठ विरुद्ध एक अशी पाळी. माझ्याच पॅनेलचे म्हणाले, मेजर स्वतःच्या लोकांचं बघायला निवडून आला का? आणि त्यांचंही अगदी चूक नव्हतं, एवढ्या घरांची पट्टी गेली की दिवाबत्तीचं बिल कुठनं भरायचं हा प्रश्न होताच. मी जीआरची झेरॉक्स पुढं ठेवली आणि म्हटलं हे मी मागत नाही, हे शासनानं आधीच दिलंय, आपण फक्त अंमल करायचाय. तरी विषय पुढच्या सभेवर ढकलला. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी भाऊसाहेबांनीच पंचायत समितीतून विचारून घेतलं आणि ठराव झाला. मधल्या काळात मी त्यांना रोज भेटत होतो, विषय न काढता, नुसता रामराम करून.

कागद सोपे: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला, घराच्या नोंदीचा नमुना 8 चा उतारा, आधार, आणि अर्ज. अडकलं ते विधवांचं. खालच्या आळीतल्या एक काकू, नवरा नाईक होता, जाऊन वीस वर्षं झाली. घर अजून सासऱ्यांच्या नावावर. मग माफी कुणाला देणार? त्यांनी माळ्यावरून नवऱ्याची काळी ट्रंक काढायला लावली, वर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव, अर्धं उडालेलं. आत डिस्चार्ज बुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्या पिशवीत दुसरी पिशवी. पीपीओवर काकूंचं नाव वेगळं, आधारवर वेगळं, माहेरचं-सासरचं झालं होतं. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, सासऱ्यांचा आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, दिरांची संमती. धाकटा दीर पुण्यात, तो सही द्यायला दिवाळीला आला. नोव्हेंबरच्या सभेत वारस नोंद झाली, साताऱ्याच्या दोन फेऱ्या झाल्या, एकूण खर्च 900 च्या आसपास, त्यातले 500 काकूंनी जबरदस्तीनं माझ्या खिशात घातले.

पुढच्या वर्षीची मागणी बिलं आली तेव्हा 37 पैकी 29 जणांचं झालं होतं. माझंही त्यात. आमची सदस्यपदाची मुदत संपत आली तेव्हाही तिघांचं अडकलेलंच होतं, नावाच्याच भानगडी. स्मशानाचा रस्ता निम्मा झाला, ओढ्यापर्यंत.

काकू त्या दिवशी बिल घेऊन आल्या, चष्मा नव्हता म्हणून मला वाचायला लावलं. घरपट्टीच्या रकान्यात शून्य. त्यांनी बोटानं तो शून्य चाचपून बघितला. मग बोट खालच्या ओळीवर नेलं, पाणीपट्टी 900.

"आणि ह्ये कधी माफ करताय मेजर? नळाला तर दिसाआड पाणी येतंय."